टोपलीचा जुना अमेरिकन क्विल्ट: वय कडीत आणि हिरव्या रंगात पाहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एका घरातल्या सामानाच्या विक्रीत लाल-हिरव्या टोपल्यांच्या नक्षीचा एक क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून शिवलेली रजई, घेतला. पांढरं कापड आता सायीसारखं पिवळसर झालंय. लाल अजून ठसठशीत आहे, हिरव्याचा मात्र खाकी झालाय. टोपल्यांच्या कड्या (धरायच्या कमानी) मशीनने शिवलेल्या आहेत आणि एक टोपली उलटी बसली आहे. विकणाऱ्याने तो ‘१८४० चा, संपूर्ण हातशिलाईचा’ असल्याचं सांगितलं आणि उलटी टोपली मुद्दाम ठेवल्याचंही. तर तो खरंच इतका जुना आहे का, संग्राहक या टोपल्यांच्या मागे का असतात, धुवावा का, आणि पुण्याला नेल्यावर ठेवायचा कसा?

आधी वयाचं. हा १८४० चा नाही. दिलेल्या खुणांवरून तो साधारण १८८० ते १९१० या काळातला ठरतो. त्याने निराश व्हायचं कारण नाही, कारण तुकडे जोडून केलेल्या टोपल्यांचा भराचा काळ १८७० नंतरचाच आहे. १८५० च्या आधीच्या अशा टोपल्या फार विरळ सापडतात. त्याआधीची टोपली वेगळ्या जातीची होती: छापील चिटातून फुलं, परड्या, पक्षी कापून घ्यायचे आणि ते पांढऱ्या कापडावर लावायचे. ‘चीट’ हा आपलाच शब्द आहे, इंग्रजांनी तोच उचलला. कोरोमंडल किनाऱ्यावरचे रंगवलेले पलंगपोस युरोपात गेले, तिथल्या छापखान्यांनी त्यांची नक्कल केली, आणि तो छापील माल अमेरिकेतल्या सधन घरांत पोचला. १७९० ते १८४० च्या दरम्यानच्या त्या क्विल्टवर परडी दिसते ती या वाटेने आलेली. १८४५ ते १८५५ च्या आसपास बाल्टिमोर शहरात आल्बम क्विल्टची, म्हणजे चौकोनागणिक वेगळं चित्र असलेल्या क्विल्टची, लाट आली. तिथे उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्ट्या एकमेकींत विणून टोपलीची वीण दाखवायचे आणि चुणीदार फुलं वर रचायचे. १८४० च्या आसपासचं म्हणून कोणी काही दाखवलं तर ते या दोन घराण्यांपैकी असायला हवं. सरळ त्रिकोणांची टोपली आणि वर मशीनची कडी, हे त्या काळात बसत नाही.

आता कडी. टोपलीच्या क्विल्टवर सर्वांत आधी नजर जायला हवी ती तिथे. टोपलीचं अंग म्हणजे नुसते त्रिकोण आणि चौकोन, सगळ्या शिवणी सरळ. कडी मात्र बादलीच्या कडीसारखी कमानदार, आणि ती वरून लावावी लागते. एकाच ब्लॉकमध्ये, म्हणजे एका टोपलीच्या चौकोनात, मोजणीचं काम आणि हाताचं काम समोरासमोर येतं. शिवणारीला दोन्ही जमत होतं की एकच, हे त्या चार इंचांत दिसतं.

पद्धत अशी. पांढऱ्या मोठ्या त्रिकोणावर कडी आधी लावून घ्यायची आणि मग तो त्रिकोण टोपलीच्या अंगाला जोडायचा. म्हणजे कडीची दोन्ही टोकं शिवणीत जातात. कडीसाठी एक इंच रुंद उरेब पट्टी कापून दोन्ही बाजूंनी पाव इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड) मुडपली की अर्धा इंच रुंदीची कडी मिळते. उरेब कापड वळणावर ताणलं जातं: बाहेरची कड लांबते, आतली आकसते आणि कमान सपाट बसते. पट्टी उभ्या धाग्यावर कापली असेल तर आतल्या कडेला बारीक चुण्या पडतात आणि कमानीला कोपरे येतात. असे कोपरे पुष्कळ जुन्या क्विल्टवर दिसतात. कापड पुरवून वापरायचं असेल तर उरेब पट्टी महाग पडते, इतकंच त्यामागचं कारण असतं.

भिंग घ्या आणि कडीचं टोक टोपलीच्या काठाला जिथे मिळतं ती जागा पाहा. टोक शिवणीत नीट गेलेलं असेल आणि दोन्ही टोकं टोपलीच्या कोपऱ्यांपासून सारख्या अंतरावर असतील तर काम सरावाच्या हाताचं आहे. टोक दुमडून वरूनच टाचलं असेल तर कडी नंतर लावली आहे. ती त्याच बाईने घाईत लावली की पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणी, हे दोऱ्यावरून ठरवावं. जुना सुती दोरा मंद दिसतो. पॉलिएस्टरचा दोरा चमकतो, त्याभोवती सुती कापड झिजतं पण तो तसाच राहतो.

मशीनने लावलेली कडी हा दोष समजू नका. सिंगरचं पेटंट १८५१ चं, आणि १८६० नंतर मशीन घराघरांत पोचू लागलं. तेव्हा मशीन ही मिरवायची वस्तू होती, त्यामुळे पांढऱ्यावर ठळक दिसेल अशी टीप पुष्कळ बायकांनी हौसेने घातली. तुमच्या क्विल्टवर कड्यांना मशीनची टीप आणि बाकी सगळा धावदोरा हाताचा असेल, तर ते त्या काळाला शोभणारंच आहे. फक्त ‘संपूर्ण हातशिलाई’ हे विकणाऱ्याचं म्हणणं खोटं ठरतं.

दुसरी खूण हिरव्याची, आणि तुमच्या बाबतीत तीच निर्णायक आहे. साधारण १८७५ पर्यंत पक्का हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळा किंवा पिवळ्यावर निळा असा दोनदा रंगवलेला असे. त्यातला एक रंग आधी उडतो, म्हणून जुना हिरवा विटला की डाग पडल्यासारखा कुठे निळसर तर कुठे पिवळसर होतो. त्यानंतर कृत्रिम हिरवे रंग आले. ते एका पाण्यातले आणि कच्चे असत, आणि विटले की सगळं हिरवं कापड एकसारखं खाकी किंवा मातकट होतं. सगळा हिरवा खाकी झालाय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे हा दुसरा प्रकार. खात्री हवी असेल तर कुठे शिवण उसवलेली असेल तिथे मायेच्या आत डोकावा. उजेड न लागलेल्या त्या पाव इंचात मूळ हिरवा अजून शिल्लक असतो. त्यासाठी चांगली शिवण उसवू मात्र नका.

लाल टिकलाय, तो बहुधा टर्की रेड. तेलाच्या आणि तुरटीच्या बऱ्याच प्रक्रियांनंतर मिळणारा हा लाल धुण्याला आणि उन्हाला दाद देत नाही. घडीवर धागा झिजतो, पण उरलेला लाल लालच राहतो. याच्या उलट काँगो रेड हा १८८४ नंतरचा स्वस्त लाल. तो विटून तपकिरी-गुलाबी होतो आणि ओलाव्याने शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. एकाच क्विल्टमध्ये काही टोपल्या लाल आणि काही फिक्या गुलाबी दिसल्या, तर लाल कापड दोन जातींचं आहे. तिथे पाण्याचा विचार दूरच ठेवावा.

क्विल्टचं वय त्यातल्या सगळ्यात नव्या कापडाएवढं धरायचं, हा साधा नियम. अपवाद कडेच्या गोटाचा, कारण तो आधी झिजतो आणि बदललेला असू शकतो. तपकिरी छापांमध्ये भोकं पडली असतील तर ते उंदरांचं काम नाही. लोखंडाचे क्षार वापरून केलेले गडद तपकिरी आणि काळे रंग कापडालाच खातात. नक्षीतली नेमकी तपकिरी रेघ विरून जाते आणि शेजारचा रंग शाबूत राहतो.

कापूस उजेडासमोर धरला तर सरकीचे काळे ठिपके दिसतात, म्हणून तो व्हिटनीच्या सरकी काढण्याच्या यंत्राच्या, म्हणजे १७९३ च्या आधीचा, असं कोणी सांगेल. ते मानू नका. हलक्या प्रतीच्या कापसात सरकीचा कचरा विसाव्या शतकातही असायचा. अंधारात जांभळ्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील टॉर्चखाली, धरून पाहा. साधारण १९५० नंतरच्या पांढऱ्या कापडात आणि दोऱ्यात उजळपणासाठी घातलेली द्रव्यं निळसर चमकतात. पण जुना क्विल्ट आजच्या पावडरीने एकदा धुतला तरी सगळाच चमकतो. म्हणून सगळा चमकला तर काहीच सिद्ध होत नाही. चार टोपल्या किंवा नुसता गोट चमकला, तर तेवढं नंतरचं आहे.

उलट्या टोपलीची गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात: देवाशिवाय कोणी पूर्ण नाही, म्हणून एक ब्लॉक मुद्दाम चुकवला. क्विल्टच्या अभ्यासकांना याला जुन्या पत्रांत किंवा रोजनिशीत आधार मिळालेला नाही. पळून जाणाऱ्या गुलामांसाठी क्विल्टवर सांकेतिक खुणा असत आणि टोपली म्हणजे ‘शिदोरी घ्या’, या कथेचंही तेच. त्या काळातला पुरावा नाही. तिरप्या मांडणीत छत्तीस ब्लॉक हातात असताना एक फिरणं अगदी सोपं आहे. त्यात अर्ध्या टोपल्या मुद्दाम उलट्या ठेवण्याचीही रीत होती, म्हणजे पलंगाच्या दोन्ही बाजूंनी पाहताना त्या सुलट दिसाव्यात. तुमच्याकडे एकच उलटी आहे, तर ती चूक. संग्राहकांना ती आवडते, पण तिच्यासाठी जास्त पैसे मागणाऱ्याला ते देऊ नका.

मांडणी समजून घेतली की श्रमांचा अंदाज येतो. ‘केक स्टँड’ नावाची साधी, बिनकडीची टोपली घ्या. चार बाय चार घरांचा ब्लॉक: मधोमध दोन मोठे त्रिकोण, दोन बाजूंना दातेरी काठाचे आठ छोटे, एक कोपऱ्याचा चौकोन, बाजूच्या दोन पट्ट्या, बुडाचे दोन छोटे त्रिकोण आणि खालच्या कोपऱ्याचा एक मोठा. झाले सोळा तुकडे. टोपली उभी दिसण्यासाठी ब्लॉक कोपऱ्यावर उभा करावा लागतो, त्यामुळे आठ इंची ब्लॉक आडवा सव्वाअकरा इंचांहून किंचित जास्त जागा घेतो. सहा बाय सहाच्या मांडणीत ३६ टोपल्या, त्यांच्या मध्ये २५ कोरे चौकोन, कडेला २० त्रिकोण आणि कोपऱ्यांना ४. रुंदी ६८ इंच, आणि नुसत्या टोपल्यांचे ५७६ तुकडे.

कडेचे ते वीस त्रिकोण कसे कापलेत ते पाहा. बाहेरची लांब कड उभ्या किंवा आडव्या धाग्यावर हवी. चौकोन एकदाच तिरका कापून दोन त्रिकोण केले तर ती लांब कड उरेब येते, ताणली जाते आणि क्विल्टचा काठ लाटेसारखा हलतो. जमिनीवर पसरला आणि कडा उचलल्या गेल्या तर बहुधा हेच कारण. इस्त्रीने ते जात नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या तसा राहिलेला काठ सरळ करायलाही जाऊ नये. दातेरी काठात दात बोथट झाले असतील, म्हणजे टोकं शिवणीत गिळली गेली असतील, तर माया कमी-जास्त घेतली आहे.

धावदोऱ्याची परीक्षा गोधडीच्या नजरेने करू नका. गोधडीत जुन्या लुगड्यांचे अनेक थर असतात आणि टाका सगळ्यांतून जातो, म्हणून तो लांब असतो. क्विल्ट तीनच थरांचा: वरचा, मधला कापूस, खालचं अस्तर. इंचभरात फक्त वर दिसणारे टाके मोजतात. आठ ते दहा म्हणजे चांगलं काम, बाराच्या पुढे उत्तम. संग्राहक कोऱ्या चौकोनात काय शिवलंय ते आधी बघतात, कारण टोपलीच्या छापील कापडावर टाके दिसत नाहीत. तिथे पिसं, वेल किंवा बारीक जाळी असेल तर किंमत वाढते. नुसत्या समांतर रेघा असतील तर क्विल्ट वापरायचा होता, मिरवायचा नव्हता.

संग्राहकांना टोपली का हवी असते? पहिलं कारण साधं आहे. तारा, चक्र, पायवाट ही नावं माहीत असावी लागतात. टोपली कोणालाही लगेच ओळखू येते, आणि तरी ती त्रिकोणांचीच आहे. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टिन आणि गेल व्हॅन डर हूफ या संग्राहकांनी क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले, आणि लोक अंथरुणाकडे रचना म्हणून पाहू लागले. त्या नजरेला ओहायोच्या आमिश, म्हणजे साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या, बायकांच्या टोपल्या फार भावल्या. काळ्या पार्श्वभूमीवर बिनछापी निळा, जांभळा, गुलाबी, आणि शिवण बहुतेक १९१० ते १९४० मधली. पैशांचं टोक मात्र बाल्टिमोरचं: १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एका बाल्टिमोर आल्बमला १ लाख ७६ हजार डॉलर मिळाले. तुमच्यासारखी लाल-हिरवी जोडकामाची टोपली त्या पंक्तीत बसत नाही, आणि त्या आकड्यावरून तिची किंमत कधी काढू नये.

नावांवर फार भिस्त ठेवू नका. ‘ग्रेप बास्केट’, ‘चेरी बास्केट’, ‘कॅक्टस बास्केट’ ही नावं बहुतेक सेंट लुईसच्या लेडीज आर्ट कंपनीच्या कॅटलॉगमधून आणि १९२८ ते १९६१ दरम्यान कॅन्सस सिटी स्टारसारख्या वर्तमानपत्रांतून रूढ झाली. कॅक्टस बास्केटलाच डेझर्ट रोजही म्हणतात. शिवणारी तिला काय म्हणत होती ते कापडावर लिहिलेलं असेल तरच कळतं. तुलनेसाठी क्विल्ट इंडेक्स हा ऑनलाइन संग्रह आणि नेब्रास्कातल्या लिंकनचं इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम यांचे फोटो पाहावेत.

पुढे आणखी घ्यायचा विचार असेल तर फसगतीचे तीन प्रकार लक्षात ठेवा. एक, १९३० च्या सुमारास शिवून ठेवलेला वरचा थर, १९८० नंतर पॉलिएस्टर भरून पूर्ण केलेला. तो फुगीर लागतो, हातात हलका, आणि शिवणींतून कृत्रिम तंतू बाहेर येतात. दोन, चीनहून आलेल्या प्रती, विशेषतः १९९० च्या दशकातल्या. लांब टाके, सगळीकडे एकसारखं नवं कापड, आणि कोपऱ्यात कापलेल्या लेबलाचे धागे. तीन, मोठा फाटका क्विल्ट कापून केलेलं ‘बाळाचं क्विल्ट’. खऱ्या बाळाच्या क्विल्टमध्ये टोपल्याही छोट्या, तीन-चार इंचांच्या असतात. कापलेल्यात आठ-दहा इंचांच्या मोजक्याच टोपल्या दिसतात आणि धावदोऱ्याची नक्षी गोटाखाली अर्धवट तुटते.

धुवावा का? तुमचा, सध्या नको. हिरवा कच्चा आहे हे ठरलंच आहे. आधी नुसती धूळ काढा: बारीक नायलॉनची जाळी क्विल्टवर पसरा आणि व्हॅक्यूम क्लीनर अगदी मंद ठेवून तिच्यावरून उचलत-टेकवत न्या, घासू नका. तरीही धुवायचाच असेल तर प्रत्येक वेगळ्या कापडाची परीक्षा घ्या. एकच लाल तपासून भागत नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून ठेवा, वर पांढरा टिपकागद दाबा, आणि हेच साबणाच्या पाण्याने पुन्हा करा. एकाही बोळ्यावर रंग आला तर तिथेच थांबा. रंग आला नाही तर टबमध्ये आधी चादर अंथरून क्विल्ट तिच्यावर ठेवा आणि ओला झाल्यावर चादरीनेच उचला. ओल्या क्विल्टचं वजन जुन्या शिवणींना पेलत नाही, म्हणून दोरीवर कधी टांगू नये. ब्लीच नको, पिळणं नको. वाळवायचा तर सावलीत, आडवा, टॉवेलांवर, पंखा लावून.

विरलेल्या तपकिरी तुकड्यांवर नवं कापड शिवू नका. अगदी झिरझिरीत रेशमी क्रेपलिन किंवा सुती जाळी वरून ठेवून कडेने टाचावी, टाके शिवणीच्या ओळीतच घ्यावेत. उद्या ती काढता येते आणि खालचं कापड जसंच्या तसं राहतं.

भिंतीवर लावायचा असेल तर पाठीमागे वरच्या कडेला चार इंच रुंद सुती नेफा शिवा. टाके अस्तर आणि कापूस एवढ्यातूनच जाऊ द्या, दर्शनी बाजूला येऊ देऊ नका. उजेड पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी उतरवून विश्रांती द्या. पुण्याच्या खिडकीतलं ऊन उरलेला हिरवा लवकर संपवेल.

पावसाळ्यासाठी: प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको, आत ओल कोंडते आणि बुरशी येते. गुंडाळायला धुतलेलं, बिनखळीचं जुनं मलमलचं धोतर सर्वांत उत्तम. खळीवर आणि कांजीवर कसर तुटून पडते, म्हणून क्विल्टला किंवा गुंडाळायच्या कापडाला खळ कधी घालू नका. लाकडी कपाटाच्या फळीवर थेट ठेवला तर लाकडातल्या आम्लाने घडीवर तपकिरी पट्टे उमटतात, मध्ये आम्लरहित कागद किंवा दोन पदरी मलमल हवी. कडुनिंबाचा पाला थेट घडीत ठेवायची आपली सवय इथे मोडा, तो डाग पाडतो. ठेवायचाच तर वेगळ्या पुरचुंडीत. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. वर्षातून तीनदा घडी उलगडा आणि पुढची घडी आधीच्या रेघेवर पडू देऊ नका. प्रत्येक घडीच्या पोटात कागदाची सैल वळकटी ठेवा, म्हणजे कापूस एका रेघेत तुटत नाही.

आणि मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, सुती फितीवर न पुसणाऱ्या शाईने लिहून ती फीत नुसत्या अस्तराला टाचा: कुठे घेतला, कोणत्या साली, आणि विकणाऱ्याने सांगितलेलं काय व तपासणीत दिसलेलं काय, हे दोन वेगळ्या ओळींत.